काकूला 'नूब' म्हणाला हो!

काय कानावर येईल, सांगता सोय नाही! ऐन चतुर्थीला ओट्यापाशी बायकांची गर्दी, नवी सून जीव मुठीत धरून मोदकाला कळ्या पाडतेय. पारी चिरली, सारण ताटात! तेवढ्यात मोबाइलवर गोळ्या झाडत बसलेला आठ वर्षांचा पुतण्या मान वर न करता म्हणतो, "काकू, नूब!" सासूबाई पळी धरून तशाच उभ्या. "शिवी आहे का रे ही?"

शिवीच म्हणा ना. मोबाइलवर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी जिन्यात, रिक्षात, शाळेच्या बसमध्ये हल्ली हेच. २०२०च्या सप्टेंबरात सरकारने पबजी या गोळीबाराच्या खेळावर बंदी घातली, तेव्हा कित्येक आयांनी पाण्यात ठेवलेले देव बाहेर काढले. वर्षभरात तोच खेळ बीजीएमआय असं नाव लावून दारात हजर!

बरं, शब्दाचं घराणं तरी चांगलं असावं? तिथेही बोंब. मूळ रूप 'न्यूबी'. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी पलटणीतली जुनी खोडं नव्या जवानाला असं हिणवायची. त्याची बाकीची विशेषणं इथे न लिहिलेली बरी. पुढे हा शब्द गेला संगणकवाल्यांकडे. त्यांची यूजनेट नावाची चावडी होती. दर सप्टेंबरात कॉलेजांतली नवी पोरं तिथे येऊन भलतंसलतं बरळायची, जुनी मंडळी त्यांना झोडून वळणावर आणायची. मग पैसे भरून कुणीही बारा महिने आत शिरू लागलं, आणि १९९३चा सप्टेंबर म्हणे आजतागायत संपलेला नाही! खेळाडूंनी न्यूबीचं नूब केलं, वर टिंगल म्हणून इंग्रजी स्पेलिंगातल्या दोन 'ओ'च्या जागी दोन शून्यं बसवली.

त्यातही सोवळंओवळं आहे बरं का! न्यूबी म्हणजे नवखा, पण शिकायची तयारी असलेला. नूब म्हणजे वर्षभर खेळून बंदूक भरायला विसरणारा आणि हरल्यावर नेटवर्कला बोल लावणारा. आणि इतरांना नूब म्हणतं कोण? ज्याच्या पहिल्यावहिल्या शिकारी बहुतेक बॉट असतात, म्हणजे यंत्राने हलवलेली बाहुली! तरी मिशी नसताना मिशीला पीळ.

पुतण्याने हे सगळं सासूबाईंना बैजवार समजावलं आणि त्यांना ते भलतंच पटलं. संध्याकाळी विहीणबाईंना फोन: "तुमची लेक न्यूबी आहे हो, होईल तयार. आमच्या ह्यांचं मात्र काही खरं नाही. चाळीस वर्षं झाली, अजून चहा उतू जातो!"