डोळे मिचकव, माय!

यवतमाळ जिल्ह्याच्या बाभुळगाव तालुक्यातल्या कुपोषणाचा प्रश्न आता पापणीवर येऊन ठेपला आहे. १ जुलै २०२५ पासूनचा नियम असा, की अंगणवाडीतून घरी न्यायचं पोषण आहाराचं पाकीट हवं असेल तर ज्या बाईची नोंद आहे तिनं स्वतः सेविकेच्या मोबाइलपुढं उभं राहायचं, 'पोषण ट्रॅकर' या सरकारी ॲपला चेहरा दाखवायचा आणि सांगितल्याबरोबर डोळे मिचकवायचे. चेहरा जुळला, पापणी लवली, की पाकीट. नाही जुळला तर पाकीट कपाटात, लेकरू कडेवर आणि माय उन्हात.

डोळे कशाला मिचकवायचे, असा अडाणी प्रश्न काही जण विचारतात. त्याचं उत्तर अत्यंत शास्त्रीय आहे. समोर बाई उभी आहे की तिचा फोटो कुणी मोबाइलपुढं धरलाय, हे ॲपला कळलं पाहिजे. फोटो डोळे मिचकवत नाही. मढंही मिचकवत नाही. तेव्हा मिचकवते ती जिवंत, आणि जिवंत तिलाच पाकीट. आता सात महिन्यांचं पोर पदराखाली पीत असताना, दुसरं पदर ओढत असताना, "मॅडम, लवकर करा वं, मले निंदाले जा लागते" असं बोलणारी बाई बहुधा जिवंत असावी, असा तर्क सेविकेला करता आला असता. त्या सेविकेच्या समोर ती लग्न होऊन गावात आली, तिची दोन्ही बाळंतपणं सेविकेच्याच रजिस्टरमध्ये आहेत. पण नुसत्या ओळखीवर कारभार चालत नसतो.

आणि ही पापणी दिसते तितकी सोपी नाही. माणूस दिवसभर पापण्या लववतो आणि त्याला पत्ताही नसतो. पण "आता मिचकव" असा हुकूम आला की डोळे बंड करतात. कुणी डोळे मिटते ती मिटूनच बसते, जणू आरती चालू आहे. कुणाला हसू फुटतं, आणि हसलेला चेहरा नोंदवलेल्या गंभीर चेहऱ्याशी जुळत नाही. कुणाचा एकच डोळा मिटतो. "अवं, दोन्ही डोये मिचकव, एक नाही!" सेविका ओरडते, आणि तेवढ्यात समोरच्या पानठेल्यावर बसलेली चार माणसं माना वळवतात. मागं उभ्या असलेल्या सासूला हा प्रकार मुळीच पसंत पडत नाही. तिच्या तरुणपणी भर चौकात डोळा मिचकवणाऱ्या बाईची गावात वेगळी चर्चा होत असे. आता तेच काम सरकारी योजनेत बसलं आहे. सून घाबरते, पदर पुढं ओढते. पदरानं अर्धं कपाळ झाकलं, ॲप म्हणतं चेहरा दिसत नाही. पदर मागं घेतला, ऊन डोळ्यांत गेलं, ॲप म्हणतं उजेड जास्त झाला. खोलीत आत गेली, उजेड कमी. उंबऱ्यावर उजेड बरोब्बर, पण उंबऱ्यावर रेंज नाही; बेंबळा धरणाच्या पाण्याकडच्या गावांत रेंज म्हणजे पाहुणी, आली तर आली. मग सेविका, मदतनीस, बाई, कडेवरचं पोर आणि पदर ओढणारं दुसरं पोर अशी वरात कडुनिंबाखाली जाते. तिथं सावली हलते. सावली हलली की चेहरा हलल्यासारखा दिसतो. "हालू नको, माय." ती हलत नाही, पण पोर हलतं. पोराला हलू नको म्हणून सांगणारा शासन निर्णय अजून निघालेला नाही, तो निघेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं.

या आधी एक पायरी आहे, तिचं नाव ओटीपी. आधारला जो मोबाइल नंबर जोडलेला असेल त्यावर तो येतो. आधार काढलं माहेरी, नंबर दिला बापाचा. किंवा नंबर नवऱ्याचा, आणि नवरा पुण्याकडं बांधकामावर. तो तिथं परातीनं सिमेंट वाहत असताना खिशात फोन वाजतो, तो फोन काढेपर्यंत ओटीपीचा जीव गेलेला असतो. पोटातल्या गर्भाला नऊ महिन्यांची मुदत आहे, पण त्याच्या आईच्या ओटीपीला काही मिनिटांचीच!

पूर्वी सासू जायची, शेजारीण जायची, पाकीट घेऊन यायची. आता ज्या चेहऱ्याची नोंद, तोच चेहरा हजर पाहिजे. जुलै म्हणजे आपल्याकडं कपाशी-सोयाबीनचं निंदण. दिवस भरायला बाया सकाळीच वावरात. म्हणजे पाकिटासाठी एक दिवसाची मजुरी पाडायची. आता हिशेब करा. सहा महिन्यांपासूनच्या साध्या मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ साली ठरवलेला दर रोजचा ८ रुपये. तीव्र कुपोषित असेल तर १२. बाभुळगावच्या बसस्टँडवर ८ रुपयांत कट चहाही मिळत नाही, आणि एवढ्यात त्या मुलाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची आहेत. महिन्याचे २५ दिवस धरले तर झाले २०० रुपये. बाईनं दिवसाची मजुरी बुडवून साधारण तेवढ्याच किमतीचं पाकीट आणायचं, तेही पापणी नीट लवली तर. अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला काय म्हणतात ठाऊक नाही. वावरात याला लुबाडणूक म्हणतात.

खरी गंमत पुढं आहे. चेहरा नोंदवला तेव्हा ती सातव्या महिन्यात होती. अंगावर सूज, गाल भरलेले. नंतर बाळंत झाली, अंगावर पाजू लागली, सव्वा महिना झाला न झाला तोच कामाला लागली. गाल आत गेले, डोळ्यांखाली काळं आलं, रंग रापला. आधारवरचा फोटो तर त्याहून जुना, शाळेतला. ॲप निरखून पाहतं आणि जाहीर करतं, की ही ती बाई नव्हे. मी या यंत्राला हात जोडतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली, तिला पन्नास वर्षं होऊन गेली. या पन्नास वर्षांत ही बाई वाळत चालली आहे हे इतक्या झटपट, इतक्या निःपक्षपातीपणे आणि फुकटात कुणी ओळखलं नव्हतं. यंत्राचं निदान बरोबर आहे, फक्त उपाय उलटा. जी खंगली म्हणून ओळखू येत नाही, तिला ओळखू येत नाही म्हणून खायला मिळत नाही. पुढच्या महिन्यात या, म्हणतात. पुढच्या महिन्यात ती आणखी ओळखू येणार नाही.

'पुढच्या महिन्यात या' हे बोलायला सोपं आहे. गर्भ राहिल्यापासून मूल दोन वर्षांचं होईपर्यंतचे पहिले हजार दिवस म्हणून जे सगळ्या पोस्टरांवर छापतात, त्यातले हे तीस दिवस गेले. दोन वर्षांत मुलाचा मेंदू मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ऐंशी टक्के आकाराचा होतो. तो सर्व्हर सुरू व्हायची वाट पाहत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं खुजी निघाली, ३६.१ टक्के कमी वजनाची आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं लुकडी. ही मुलं मोजताना कुणी त्यांच्या आयांना डोळे मिचकवायला लावलं नव्हतं. मोजताना सगळी खरी, देताना सगळी संशयित!

हे सगळं कशासाठी, तर गळती थांबवण्यासाठी. खोटे लाभार्थी निघतात म्हणे. निघत असतील. पण मला एक सांगा, दोनशे रुपयांच्या पाकिटासाठी दुसऱ्याची बाई आणि दुसऱ्याचं लेकरू भाड्यानं आणून अंगणवाडीत उभं करणारा अट्टल गुन्हेगार आमच्या तालुक्यात कुणी पाहिलाय? गळती म्हटली की नजर खालीच का जाते? ते पाकीट कारखान्यातून निघतं, ट्रकमध्ये चढतं, गोदामात उतरतं, पुन्हा चढतं, गावात येतं. या वाटेवर त्याला कुणी म्हणतं का, की बाबा, जरा डोळे मिचकव? त्यात लिहिलंय तेवढी प्रथिनं आहेत का, ते याच वर्षीचं आहे का, त्याला वास का येतो, हे विचारणारं ॲप कुठाय? घरी नेऊन ते शिजवलं, पोरानं जिभेवर घेतलं आणि थुंकलं, की उरलेलं बकरीपुढं जातं. बकरीला ओटीपी लागत नाही. संपूर्ण योजनेत विनाअट लाभ मिळणारा तेवढाच एक घटक आहे. आणि ती खाते तरी का, हे तिलाच विचारलं पाहिजे. ओळख पटवायची ती कायम घेणाऱ्याची. देणाऱ्याचा चेहरा कुठल्याच कागदावर नसतो. तिथं सही असते, तीही 'करिता' असते.

याच यवतमाळ जिल्ह्यात 'आरंभ' नावाचा एक शहाणा कार्यक्रम सुरुवातीच्या टप्प्यात राबवला गेला. सेविकेनं घरी जायचं, आई-बापाला, आजा-आजीला बसवायचं आणि सांगायचं, की लेकराच्या डोळ्यांत पाहून बोला, ते हुंकारलं की उत्तर द्या, चमचा-वाटी वाजवून खेळवा, मारू नका. पालक मेळावे भरायचे. मिशांवर ताव देणारे बाप पोरासाठी घोडा होताना लोकांनी पाहिले. याला खर्च जवळजवळ नाही, लागतो तो वेळ. तोच वेळ आता पापणीला जातो. लेकराच्या डोळ्यांत बघा म्हणून सांगणारी तीच बाई आता त्याच्या आईच्या डोळ्यांपुढं मोबाइल धरून उभी आहे. तीन ते सहा वर्षांची पोरं आत चटईवर बसून गाण्याची वाट पाहतात. गाणं म्हणणारी कडुनिंबाखाली रेंज धुंडाळते आहे.

तिच्याबद्दल तर बोलूच नका, मला संताप येतो. 'पोषण ट्रॅकर' आलं २०२१ मध्ये. त्याच वर्षी राज्यातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत नेऊन टाकले, कारण ॲपचा भार त्या डबड्यांना पेलत नव्हता आणि ॲप त्यांच्याशी मराठीत बोलायला तयार नव्हतं. डिसेंबर २०२३ ते जानेवारी २०२४ त्या ५२ दिवस संपावर होत्या. केंद्रानं ठरवलेलं मानधन ऑक्टोबर २०१८ मध्ये ४५०० रुपये झालं, त्यानंतर ॲपच्या किती आवृत्त्या आल्या ते मोजा, आणि मानधनाच्या किती आल्या तेही मोजा. पगार नाही म्हणायचं, मानधन म्हणायचं. म्हणजे मान आमचा, धन तुमच्याकडं! वजन तिनं घ्यायचं, लसीला बोलवायचं तिनं, सर्व्हे तिचा, फॉर्म तिचे, निवडणुकीची यादी तिची, आणि चेहरा जुळला नाही की शिव्याही तिलाच. माय घरी जाऊन सांगते, "मॅडमनं पाकीट नाही देलं." ॲपनं नाही दिलं, असं कुणी म्हणत नाही. ॲपचं घर कुणाला ठाऊक आहे?

तेव्हा माझ्या मागण्या लिहून घ्या. पाकीट आधी द्या, फोटो नंतर काढा. आई वावरात असेल तर आजीच्या हाती द्या. आजी ते विकून कर्जमाफी मागणार नाही. दर महिन्याला प्रत्येक खेपेतली चार पाकिटं गावासमोर फोडा, शिजवा, आणि ज्यांनी मंजूर केली त्यांना वाढा. वजनकाट्याचे सेल बदला.

यातलं काहीच जमत नसेल तर शेवटची सूचना. चेहऱ्याची अट चांगलीच असेल तर वरपासून लावा. ज्यांनी ज्यांनी या नियमावर सही केली, त्यांचा पगार दर एक तारखेला बाभुळगावच्या अंगणवाडीपुढं वाटा. रांगेत उभं राहायचं, उन्हात, सेविकेच्याच मोबाइलवर, ओटीपी सासऱ्याच्या नंबरवर, कॉलेजातल्या फोटोशी चेहरा जुळवून, दोन्ही डोळे एकदम मिचकवून. नाही जुळला तर पुढच्या महिन्यात या. पापणी लवायच्या आत नियम मागं घेतला जाईल.