पुण्यापासून फक्त ७० किलोमीटर

मराठीत ‘फक्त’ या शब्दाइतका बेभरवशाचा शब्द दुसरा नसेल. ‘फक्त दोन मिनिटं थांबा’, ‘फक्त एक सही हवीय’, ‘फक्त चहाला या’. या खानदानात अलीकडे जन्मलेलं अपत्य म्हणजे ‘पुण्यापासून फक्त ७० किलोमीटर’. जूनचा पहिला शिडकावा झाला की हे वाक्य फोनमधून गळायला लागतं. सोबत पंधरा सेकंदांची रील. वर ढग, खाली दरी, मधून काळाभोर ओला रस्ता आणि त्या रस्त्यावर चिटपाखरू नाही. ही रील काढणारा मंगळवारी पहाटे जातो की लॉकडाऊनमधलीच अजून पुरवून पुरवून वापरतो, हे मला कळलेलं नाही.

आमच्या साडूंना ती दर पावसाळ्यात चाळीसेक वेळा येते आणि चाळीसही वेळा ते ती मला पाठवतात. यंदा त्यात भर पडली ती नव्या गाडीची. गाडीच्या छताला खिडकी आहे. आम्ही वाड्यात राहायचो तेव्हा छताला भोक पडलं की डांबर लावायचो. साडूंनी भोकाचे वेगळे पैसे मोजलेत. आता त्या खिडकीचं चीज व्हायचं तर तिच्यातून डोकं बाहेर काढायला एक पोर हवं आणि डोक्यावर ढग हवा. पोर घरचंच होतं. ढगासाठी घाट लागतो.

घाट निवडताना साडूंनी जी हुशारी दाखवली तिला मी मनोमन हात जोडले. दर पावसाळ्यात जिल्हाधिकारी मनाई हुकूम काढतात. अमुक धरणाच्या भिंतीवर जाऊ नये, तमुक धबधब्याखाली उतरू नये, कड्याच्या टोकावर फोटो काढू नयेत, रस्त्यात गाडी लावून गाणी वाजवू नयेत. असा हुकूम वाचला की माणूस घरी बसतो, असा सरकारचा भाबडा समज आहे. साडूंनी तो फोनमध्ये जपून ठेवलाय. ‘अहो, एवढी परिपूर्ण यादी कुठल्या सहलवाल्याकडे सापडणार नाही,’ ते म्हणाले. खरंच आहे. तालुकावार आहे, फुकट आहे, शिवाय तिथे जाऊन काय काय करता येतं तेही क्रमाने दिलंय. आमच्या मेव्हणीला तर दोन धबधबे त्या हुकुमामुळेच पहिल्यांदा कळले. दर वर्षी माणसं वाहून जातात म्हणून हा हुकूम काढावा लागतो, हे त्यात सुरुवातीलाच लिहिलेलं असतं. पण सुरुवात कोण वाचतं? सगळे यादीवर उडी मारतात.

मग बैठक बसली. लोणावळ्याचं भुशी धरण पहिल्याच फेरीत बाद झालं. ‘तिथे फार पब्लिक असतं,’ साडू म्हणाले. आपण सोडून बाकीचे सगळे पब्लिक असतात. भोरवरून महाडला उतरणारा वरंध घाट मेव्हणीने सुचवला. तो पावसाळ्यात वाहतुकीला बरेचदा बंद असतो, असं मी म्हटल्यावर ‘बंद असतो तर रील कशी आली?’ हा तिचा सवाल बिनतोड निघाला. माळशेजला सासूबाईंचा विरोध, ‘तिथे धुक्यात काही दिसत नाही म्हणे.’ ‘आई, धुकंच बघायला जायचं असतं,’ असं साडूंनी समजावलं, पण त्या माउलीला न दिसणारी गोष्ट बघायला पेट्रोल जाळण्याचं प्रयोजन शेवटपर्यंत पटलं नाही. कासचं पठार २०१२ साली जागतिक वारशात गेल्यापासून तिथल्या फुलांना आधी बुकिंग करून भेटावं लागतं, आणि ती सप्टेंबरच्या आधी घरी नसतात. मी दिवे घाटाचं नाव काढलं. हिरवागार आहे, जवळ आहे, आषाढी वारीत माउलींची पालखी तोच घाट चढून सासवडला जाते, लाखो माणसं चालत चढतात आणि कुणाला मळमळत नाही. ‘चालत?’ साडू म्हणाले आणि पुढच्या नावाकडे वळले.

पुढचं नाव ताम्हिणी.

पहाटे पाचला निघायचं ठरलं. सहलीला पाचच्या आत निघायचं ठरवणं आणि साडेनऊला निघणं, या दोन्ही गोष्टी आपल्याकडे संस्कारांचा भाग आहेत. उशीर झाला तो लवकर उठायचं म्हणून रात्री दीडपर्यंत चाललेल्या तयारीमुळे. आमच्या हिने दशम्या, लसणाची चटणी आणि बटाट्याची सुकी भाजी डब्यात भरली होती. साडूंनी डब्याकडे करुणेने पाहिलं. ‘कशाला एवढा त्रास? वाटेत चुलीवरचं मिळतं.’

चांदणी चौकात पोचलो तर पुण्यातल्या गर्दीला कंटाळलेले सगळे पुणेकर तिथे एकाच वेळी जमले होते. नकाशातली बाई शांत आवाजात म्हणाली, अठरा मिनिटांचा उशीर. भूगावला ती छत्तीस म्हणाली. मग तिने आम्हाला ‘जलद मार्गा’ने डावीकडे वळवलं आणि एका गोठ्यात नेऊन सोडलं. पूर्वी वाट दाखवणाऱ्याचं देऊळ बांधत. खंडाळ्याच्या जुन्या घाटात शिंगरोबाचं आहे. साहेबाला बोरघाटातून रस्ता सापडेना तेव्हा या धनगराने तो दाखवला आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, अशी कथा सांगतात. ड्रायव्हर आजही त्याच्यासमोर नाणं टाकल्याशिवाय पुढे जात नाहीत. आमच्या बाईला साडूंनी जे वाहिलं ते इथे छापता येणार नाही.

गोठ्यातून उलटे आलो ते एका पांढऱ्या गाडीच्या मागे. मागच्या काचेवर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’, त्याखाली डाव्या कोपऱ्यात एक पोचा. पिरंगूटला ती आमच्या पुढे होती, पौडला पुढे होती, आणि निसर्ग म्हणून मी जे काही पाहिलं त्यात सर्वांत जास्त वेळ तो पोचा पाहिला. त्याचा आकार साधारण सोलापूर जिल्ह्यासारखा होता. अक्कलकोटच्या बाजूला थोडा गंजही होता.

मुळशीचं पाणी दिसलं तेव्हा मात्र गाडीत एकदम शांतता झाली. डोंगर, डोंगरावर उतरलेला ढग आणि खाली पसरलेला जलाशय. रस्त्याकडेला एकामागून एक पाट्या: लेक व्ह्यू बंगले, लेक व्ह्यू प्लॉट, लेक टच व्हिला. साडूंनी एका पाटीचा फोटो घेतला. सासूबाई काचेला नाक लावून बसल्या होत्या. ‘माझ्या आजीचं माहेर ह्या पाण्याखाली आहे,’ त्या म्हणाल्या. टाटांच्या विजेसाठी हे धरण व्हायला लागलं तेव्हा मुळशी पेट्यातल्या मावळ्यांनी जमिनी सोडायला नकार दिला. १९२१ साली सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापटांना ‘सेनापती’ ही पदवी इथूनच चिकटली. लोक तुरुंगात गेले आणि धरण झालंच. वीज मुंबईला गेली, शेतं पाण्याखाली गेली आणि शंभर वर्षांनी पाण्याला ‘व्ह्यू’ आला. ‘नेमकं कुठे होतं, आई?’ साडूंनी फोन पुढे केला. ‘सांगा, पिन टाकून ठेवतो.’ सासूबाईंनी पाण्याकडे बोट केलं. बोट हलत होतं, कारण गाडी खड्ड्यातून चालली होती.

घाट लागला आणि गाडी थांबली. गाडीच कशाला, सगळंच थांबलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, मधल्या फटीत दोन्हीकडून आलेल्या गाड्या समोरासमोर आणि प्रत्येकाचा हात भोंग्यावर. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा घाटाचा जुना धर्म. पण इथे चढणाराही अडलेला आणि उतरणाराही, तेव्हा धर्मसंकट उरलं नव्हतं. एका गाडीची डिकी उघडी होती आणि तीतून निघणाऱ्या गाण्याने डोंगराच्या छातीत धडधड होत होती. भाच्याने छताच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं, ढग वगैरे सगळं जमून आलं, आणि मागोमाग त्याने सकाळचे पोहेही तिथूनच बाहेर काढले. नव्या गाडीच्या काचेवरून ते ओघळताना साडूंचा चेहरा बघवत नव्हता. सासूबाईंनी पिशवीतून लिंबू काढलं. पूर्ण सहलीत वेळेवर पोचलेली ती एकमेव गोष्ट.

गाडी लावायला एका शेतकऱ्याने शेताचा कोपरा मोकळा ठेवला होता. शंभर रुपये. साडू भडकले, ‘ही लूट आहे!’ मला काही ती लूट वाटली नाही. वाटेवर पैसे घेण्याची आपली परंपरा दोन हजार वर्षांची आहे. जुन्नरजवळ नाणेघाटाच्या माथ्यावर सातवाहनांच्या काळचा दगडी रांजण अजून उभा आहे. बंदरांकडून माल घेऊन चढणारे व्यापारी त्यात जकात टाकत, असं सांगतात. शेजारच्या गुहेत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, त्यात यज्ञांमध्ये किती गाई, किती घोडे आणि किती कार्षापण नाणी दान दिली ते कोरलंय. पैसे कुठे गेले हे भिंतीवर कोरून ठेवणारं टोलनाकं त्यानंतर महाराष्ट्रात झालं नाही.

धबधबा पाहिला. म्हणजे धबधब्याखालची माणसं पाहिली. पाणी त्यांच्यातून मिळेल तशी वाट काढत होतं. बर्म्युडे, ओले टॉवेल, कणसांची बुरकुंडं, नूडल्सच्या रिकाम्या पुड्या. ‘लोकांना अक्कल नाही,’ असं म्हणत मेव्हणीने हातातलं कणीस संपवलं आणि बुरकुंड टाकायला जागा शोधू लागली. जागा तयारच होती.

खाली माणगावपर्यंत उतरून मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात घुसावं, असा एक विचार साडूंनी मांडला. त्या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेलं एखादं पोर इंजिनिअर होऊन त्याच कामावर लागलं असेल, तर त्याला भेटून येता आलं असतं. पण पोटात कावळे ओरडत होते. चुलीवरच्या हॉटेलात चूल दर्शनी भागात होती, फोटोपुरती. भाकऱ्या मागच्या अंगाला गॅसवर होत होत्या. पाऊण तास थांबलो, नंबर लागेना. शेवटी गाडीतच डबा उघडला. साडूंनी सहा दशम्या खाल्ल्या आणि सातवी मागताना माझ्याकडे पाहिलं नाही.

परतताना अंधार पडला. पौडच्या अलीकडे पुढे पुन्हा ती पांढरी गाडी. आशीर्वाद तोच, पोचा तोच. मला एखादा ओळखीचा माणूस भेटल्यासारखं वाटलं. पिरंगूट, भूगाव, चांदणी चौक, आम्ही तिच्या मागे. ती कोथरूडला वळली, आम्ही वळलो. आमच्या गल्लीत शिरली, आम्ही शिरलो. मग तिने आमच्याच सोसायटीच्या फाटकासमोर उजवीकडचा दिवा लावला.

आतून तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ उतरले. चौदा वर्षांचे शेजारी. अंगावर ओला टॉवेल, हातात अर्धं कणीस.

‘काय, कुठे गेला होतात?’ त्यांनी विचारलं.

‘इथेच, जवळ,’ मी म्हटलं. ‘तुम्ही?’

‘आम्हीही जवळच.’