आधी कारभारी, मग लेख

लेख लिहायचा नसेल तर पूर्वी लोक पेन्सिलीला टोक काढत बसत. आता त्याहून प्रतिष्ठेचं काम निघालं आहे: टेक लाइव्ह अद्ययावत करणं. टेक म्हणजे प्रबंध, पुस्तकं आणि गणिताची समीकरणं देखणी जुळवून देणारी प्रणाली. तिच्याभोवती हजारो पॅकेजेस, हा सगळा गोतावळा म्हणजे टेक लाइव्ह, आणि त्याचा कारभारी टीएलएमजीआर, २००८ पासून सेवेत. त्याला खिडकी-बटणांचं रूपही आहे, पण ते वापरलं तर पाहुण्यांवर छाप पडत नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम सोडला की घरातले चहासुद्धा हळू आवाजात विचारतात.

हुकूम साधा आहे. टीएलएमजीआर, अपडेट, दोन आडव्या रेघा आणि ऑल. त्याची स्वतःचीच नवी आवृत्ती आलेली असेल तर कारभारी ठणकावतो, की आधी मला सुधारा, मग बाकीच्यांचं बघू. मग पुन्हा दोन रेघा आणि सेल्फ. त्याची मर्जी सांभाळली की पडद्यावर ओळी धावू लागतात: कितीपैकी कितवं पॅकेज, किती वेळ गेला, एकूण किती लागेल. माझ्या लेखाबद्दल इतकी नेमकी माहिती संपादकांना देणं मला कधीच जमलेलं नाही.

"लेख कुठवर आलाय?" त्यांचा फोन येतो.

"अपडेट चालू आहे," मी म्हणतो. ते लेखाबद्दलच आहे असं समजून ते समाधानाने फोन ठेवतात.

कारभाऱ्याशी बोलताना नावं चोख लागतात. आकृत्या काढायला 'टिकझ' हवं असेल तर मागायचं 'पीजीएफ', कारण टिकझ राहतं पीजीएफच्या घरात. घर माहीत नसेल तर फाइलच्या नावावरून शोध घ्यायचीही सोय आहे. मराठी मजकुरासाठी झीटेक, पॉलिग्लॉसिया, फॉन्टस्पेक अशी मंडळी जमवावी लागतात. ती जमली की 'क्ष' आणि 'ज्ञ' पानावर असे काही उमटतात, की त्यांच्या आजूबाजूला वाक्यंही असायला हवीत हे विसरायला होतं.

'ड्राय-रन' हा माझा लाडका पर्याय. तो लावला की कारभारी काय काय करणार आहे ते सविस्तर वाचून दाखवतो आणि काहीही करत नाही. आमच्या सोसायटीची सर्वसाधारण सभा याच तत्त्वावर चालते.

दरवर्षी टेक लाइव्हचा नवा अवतार येतो, अलीकडे मार्चमध्ये, म्हणजे पाडव्याच्या मागेपुढे. जुना तिथल्या तिथे गोठतो. कारभारी कळवतो, की तुमचं वर्ष मागचं आहे, इथून पुढे माझा हात पोचत नाही. मग नव्या वर्षाचं अख्खं बिऱ्हाड शेजारी थाटायचं. सगळं घ्यायचं म्हटलं तर कित्येक जीबी. लेख असतो काही केबींचा.

या सगळ्यात अपराधी वाटण्याचं कारण नाही, कारण परंपरा थोर आहे. १९७७ मध्ये डोनाल्ड कनूथ यांच्याकडे त्यांच्याच ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. अक्षरं इतकी ओंगळ वाटली की लेखन बाजूला ठेवून ते अक्षरजुळणीची प्रणालीच, म्हणजे टेक, लिहायला बसले. थोडक्यात उरकेल असं वाटलं होतं. दहाएक वर्षं गेली. ग्रंथाचा तिसरा खंड १९७३ चा आहे, चौथ्याचा पहिला भाग आला २०११ मध्ये. लेख टाळण्यासाठी पॅकेजेस बसवणारा मी या घराण्यातला अगदीच धाकटा शिष्य.

कनूथ यांनी टेकच्या आवृत्त्यांना क्रमांकही खास दिले. प्रत्येक दुरुस्तीनंतर 'पाय'चा एकेक अंक वाढतो. सध्या गाडी ३.१४१५९२६५३ वर आहे. ते गेल्यावर क्रमांक थेट 'पाय' होईल आणि उरलेल्या सगळ्या चुका वैशिष्ट्यं मानल्या जातील, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं आहे. संपादकांना मी हल्ली हाच हिशेब देतो: लेख थांबलेला नाही, दशांश स्थळं वाढताहेत. आणि छापून आल्यावर जे खटकेल, ते वैशिष्ट्य.