दरवाजे उघडण्याआधीचा पूर

पैनगंगा फुगली की उमरखेड तालुक्यात पहिला प्रश्न असतो, ‘इसापूर किती सोडलं?’ प्रश्न रास्त आहे, पण तो उशिरा विचारला जातो. खरं तर पंधरा दिवस आधीच विचारायला हवं, की इसापूर धरण आज किती भरलंय आणि एवढं का भरू दिलं?

धरण काठोकाठ झालं की वरून जेवढा येवा येईल तेवढा खाली सोडावाच लागतो. त्या रात्री अभियंत्याच्या हातात फारसं काही उरत नाही. दरवाजे त्याने उचललेच पाहिजेत, नाहीतर धरणालाच धोका. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटलं तेव्हा पुण्याचं काय झालं, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. माझा राग दरवाजे उचलणाऱ्यावर नाही. पावसाळ्याचा दीड महिना शिल्लक असताना धरण शंभर टक्के भरू द्यायचं आणि पोटात रिकामी जागा ठेवायची नाही, या निर्णयावर आहे. खालच्या गावांचा पूर तिथेच ठरतो.

हिशेब करून बघा. इसापूरचा उपयुक्त साठा सुमारे 964 दलघमी. 20 हजार क्युसेकने दोन दिवस पाणी सोडलं तर सुमारे 98 दलघमी जागा मोकळी होते, म्हणजे साठ्याचा दहावा हिस्सा. मग वरून 1 लाख क्युसेकचा लोंढा आला, तरी धरण तो साडेनऊ तास अडवून धरू शकतं. तेवढ्या वेळात गोठ्यातली जनावरं सोडता येतात, नदीवरच्या मोटारी काढता येतात, म्हातारी माणसं उंचावरच्या शाळेत नेता येतात.

यावर पाटबंधारे खात्याचं उत्तर ठरलेलं आहे: पाणी सोडलं आणि पुढे पाऊस आलाच नाही तर? ही भीती खोटी नाही. इसापूरच्या पाण्यावर हिंगोली, नांदेड आणि यवतमाळ अशा तीन जिल्ह्यांचा रब्बी उभा राहतो. दहावा हिस्सा सोडून दिला आणि सप्टेंबर कोरडा गेला, तर हरभऱ्याच्या एका पाळीसाठी शेतकरी त्याच अभियंत्याला धारेवर धरणार. म्हणूनच हा निर्णय एका माणसाच्या धाडसावर सोडायचा नसतो. कोणत्या तारखेला कोणती पातळी ठेवायची, हे जलाशय परिचालन सूचीत लिहिलेलं असतं. ही सूची गावात लावा. पातळी तिच्या वर गेली तर का गेली, हे त्याच दिवशी जाहीर करा.

वणी तालुक्याचं दुखणं आणखी वेगळं. तिथल्या वर्धा नदीत ऊर्ध्व वर्धा, निम्न वर्धा आणि बेंबळा या तिन्ही धरणांचं पाणी येतं आणि जुगादजवळ पैनगंगाही तिला मिळते. प्रत्येक धरणाचा विसर्ग कागदावर स्वतंत्र असतो, गावाच्या वेशीवर मात्र सगळ्यांची बेरीज पोहोचते. 2022 च्या जुलैत वर्धाकाठची गावं पाण्याने वेढली गेली, तेव्हा ही बेरीज लोकांनी भोगली. त्यातही इसापूर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे महामंडळाकडे आणि बेंबळा विदर्भ पाटबंधारे महामंडळाकडे. ही बेरीज आधी मांडून गावाला कळवणं ही कोणाची जबाबदारी?

प्रत्येक पूर धरणाने आणलेला नसतो, हेही मान्य करायला हवं. 22 जुलै 2023 रोजी महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पाण्याने वेढलं, हवाई दलाची हेलिकॉप्टर मागवावी लागली. ते संकट आभाळातून कोसळलेल्या पावसाचं होतं. पण म्हणूनच येवा आणि विसर्गाची तासातासाची नोंद उघड हवी. पाऊस किती आणि दरवाजा किती, हा वाद मग पुढाऱ्यांच्या भाषणात नाही, आकड्यांवर मिटेल.

इशाऱ्यांतही कामाची माहिती नसते. ‘50 हजार क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ सेकंदाला 14 लाख लिटर पाणी, एवढं कळून शेतमजूर बाईने करायचं काय? मार्लेगावच्या पुलावर पाणी किती वाजता चढेल आणि कोणत्या वस्तीत शिरेल, हे तिला सांगा. 25 जुलै 2024 च्या पहाटे खडकवासल्यातून 35 हजार क्युसेक सोडले आणि पुण्यात एकता नगरीच्या घरांत पाणी शिरलं. आम्हाला वेळेत कळवलंच नाही, अशी तक्रार तिथेही झाली. महापालिका, माध्यमं, मोबाइल सगळं हाताशी असलेल्या शहराची ही गत, तर तांड्यावर मध्यरात्री निरोप कोण नेणार?

धरण सुरक्षा कायदा 30 डिसेंबर 2021 पासून लागू आहे. धरणाच्या खालच्या भागासाठी पूर-इशारा यंत्रणा उभारणं, येणाऱ्या-सोडल्या जाणाऱ्या पाण्याची माहिती लोकांना देणं त्याने बंधनकारक केलंय. जुन्या धरणांचे आपत्कालीन कृती आराखडे करायला दिलेली पाच वर्षांची मुदत 2026 अखेर संपते.

पैनगंगा आणि वर्धेच्या काठच्या सरपंचांनो, 1 मेच्या ग्रामसभेत तीन ओळींचा ठराव घ्या: आमच्या वरच्या धरणाची परिचालन सूची द्या, आपत्कालीन कृती आराखडा द्या, आणि किती विसर्गाला गावात पाणी कुठवर येतं त्याच्या खुणा शाळेच्या भिंतीवर रंगवून द्या. ठरावाची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा आणि पोच जपून ठेवा.