फोटोंचं बिऱ्हाड

वेबसाइटचे फोटो डेटाबेसमध्ये ठेवावेत की फोल्डरमध्ये, यावरून संगणकवीरांत दोन तट पडले आहेत. पहिल्या तटाला मालाच्या किमती, गिऱ्हाइकांचे पत्ते आणि साहेबांचा हार घातलेला फोटो, सगळं एकाच डेटाबेसात हवं. 'बॅकअप एकच!' हा त्यांचा हुकमी एक्का. तो बॅकअप रात्री सुरू होऊन दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालतो, हे मात्र ते सांगत नाहीत. शिवाय मायएसक्यूएलच्या साध्या ब्लॉब रकान्यात ६५,५३५ बाइटच मावतात. कडक तपासणी बंद असेल तर पुढचा भाग मुकाट छाटला जातो. मग साहेबांचं डोकं दिसतं आणि हाराच्या जागी करडा पट्टा.

दुसरा तट फोल्डरवाल्यांचा. डेटाबेसात फक्त पत्ता, फोटो डिस्कवर. कुणी उत्साही गडी डिस्क साफ करेपर्यंत सगळं झकास चालतं. त्यातूनही 'लोगो_फायनल', 'लोगो_फायनल_नवा' आणि 'लोगो_खरंच_फायनल' हे तिघे हमखास वाचतात.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी २००६ साली हे मोजूनच पाहिलं. २५६ केबीच्या आत डेटाबेस सरस, १ एमबीच्या पुढे फाइल सिस्टीम आणि मधल्या टापूत कामाचं स्वरूप पाहून ठरवा. निकाल इतका समंजस होता, की दोन्ही तटांच्या तो काही कामाचा नव्हता. मोजूनच ठरवायचं, तर मीटिंगा कशासाठी घ्यायच्या? आणि १२ एमबीचा फोटो मुळात लहान करूनच चढवू या, असं सुचवणाऱ्याला पुढच्या मीटिंगचं बोलावणंच जात नाही.