कायमस्वरूपी शिकाऊ

देव निवडावा तर सरकारनेच. २०२४ च्या आषाढीला तरुणांसाठीच्या योजनेचे आकडे जाहीर झाले ते पंढरपुरात, म्हणजे अठ्ठावीस युगं एकाच जागी उभं राहण्याचा दांडगा अनुभव असलेल्या देवाच्या दारी. योजनेचं कागदोपत्री नाव मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. गावात तिला ‘लाडका भाऊ’ म्हणतात. वय अठरा ते पस्तीस, मुदत सहा महिने. बारावी पासला महिना ६,००० रुपये, आयटीआय किंवा डिप्लोमाला ८,०००, पदवीला १०,०००.

या दरपत्रकाबद्दल शासनाचे आभारच मानायला हवेत. शिक्षणाचा भाव इतका उघडपणे आजवर कुणी लावला नव्हता. बारावीनंतर तीन वर्षं कॉलेजात काढली की महिन्याला ४,००० वाढतात. त्यापुढे आणखी दोन वर्षं घालून एम.ए. केलं तर वाढतात शून्य, पदव्युत्तरालाही १०,०००च. मराठी घेऊन एम.ए. झालेल्यांना हे आधीपासून ठाऊक होतं, एम.एस्सी.वाल्यांना नव्यानं कळलं. महिन्याचे २६ दिवस धरले तर बारावीवाल्याची हजेरी पडते २३० रुपये. गवंड्याच्या हाताखाली विटा देणारा याहून जास्त घेतो, पण त्या बिचाऱ्याला प्रमाणपत्र कुठे मिळतं?

शिवाय विटा देणारा चार वर्षांत स्वतः गवंडी होऊन बसतो. या योजनेतून कचेरीत शिकायला आलेल्याला तसला धोका नाही. समजा, आयटीआयमधून वायरमन झालेला एक पोरगा पंचायत समितीत रुजू झाला. पहिल्या दिवशी हातात आवक-जावक रजिस्टर. मग झेरॉक्स. मग लाभार्थ्यांचे फॉर्म ऑनलाइन भरणं, सर्व्हर डाऊन असेल तर लाभार्थ्यांची समजूत घालणं. डोक्यावरचा पंखा दोन उन्हाळे बंद. एकदा न राहवून पोरगा टेस्टर घेऊन स्टुलावर चढला, तर मोठे बाबू खुर्चीतून उठले. (हा प्रसंग कार्यालयाच्या इतिहासात विरळा.) “उतर रे बाबा खाली! ते बांधकामवाल्यांचं काम. पत्र गेलंय त्यांना.” पत्र गेलं होतं हे खरंच. जावक क्रमांक पोरानंच टाकला होता.

सहा महिने सरले आणि पोरं विचारू लागली, आता पुढे काय? मोर्चे निघाले, निवेदनं दिली गेली. सरकार कनवाळू, त्यानं नोकरी नाही दिली, पण प्रशिक्षण पाच महिन्यांनी वाढवलं. एकूण अकरा. घरमालक भाडेकरूशी करार करतो तोही अकरा महिन्यांचाच, म्हणजे उद्या त्यानं इथलाच म्हणून हक्क सांगायला नको.

ज्यांना हे अस्थिर वाटतं त्यांच्यासाठी स्पर्धा परीक्षा आहेतच. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा ४,६४४ आणि अर्ज दहा लाखांवर. शुल्क खुल्या वर्गाला १,००० रुपये, राखीव वर्गाला ९००. गुणाकार वाचकांनी करावा. पोरांनी तो अभ्यासिकेत बसून केव्हाच केलाय. निकाल लागला तेव्हा २०० गुणांच्या परीक्षेत कुणाला २१४ मिळालेले. पेपर अनेक सत्रांत झाले म्हणून गुणांचं सामान्यीकरण केलं, असा खुलासा झाला. दोनशेपैकी दोनशे मिळवूनही माणूस मागे राहू शकतो, ही सोय दहावी-बारावीच्या बोर्डालाही जमलेली नाही.

तेव्हा शासनास नम्र सूचना : ‘शिकाऊ’ हेच स्वतंत्र पद मंजूर करावं. वयोमर्यादा पस्तीसवरून अठ्ठावन्नवर न्यावी. वेतन आयोग नको, सेवापुस्तक नको, बदली नको. अठ्ठावन्नाव्या वर्षी हार, नारळ आणि ‘सदर उमेदवारास कामाचा अनुभव आहे’ असा दाखला हातात द्यावा. दाखल्यावर साहेबांची सही तेवढी लागेल. साहेब सध्या पुण्याला यशदात आहेत, पूर्ण पगारी प्रशिक्षणाला.