रिकामं वजन

मामांच्या व्हीलचेअरच्या पाठीवर तांबड्या ऑइलपेंटनं लिहिलंय : ‘रिकामं वजन १८.५ किलो.’ उसाच्या ट्रॉलीवर असतं तसं. पेंटरनं हौसेनं खाली ‘हॉर्न प्लीज’ही घातलं होतं, ते मामांनी खोडायला लावलं. “मागनं हॉर्न कोण वाजवणार? तुझी मामी?”

मामा हातकणंगले तालुक्यातले ऊसवाले. चौदा वर्षांपूर्वी मिरगाच्या तोंडावर घर शाकारताना पाय घसरला आणि कौलांसकट खाली आले. डॉक्टरांनी फोटो बघून ‘डी-१०’ म्हटलं. मामांनी तो गट नंबर असल्यासारखा पाठ केला. बेंबीपासून खाली काही कळत नाही, हलत नाही. याचं त्यांनी केलेलं निदान डॉक्टरांपेक्षा सुटसुटीत आहे : “सातबारा माझ्याच नावावर हाय. वहिवाट तेवढी न्हाई.”

वर्षातून एकदा, गाळप हंगाम आटोपला की, मामा पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात तपासणीला जातात. गाडी माझी, पेट्रोल माझं, नियोजन सगळं त्यांचं. एसटीचा विषय त्यांनी कधीच निकालात काढलाय : “तिकिटात पंचाहत्तर टक्के सवलत हाय, खरं पायऱ्या शंभर टक्के.”

आदल्या रात्री ओसरीवर सामान मांडलं जातं. नळ्या सात (लागतात तीन), जेलीची ट्यूब, हातमोजे, जादा पँट, हवेची गादी, गादीचा पंप, पंपाचं पंक्चर काढायचं सामान, मागच्या सगळ्या वर्षांच्या फायली आणि मोजायचा टेप. टेप औषधांच्या पिशवीत नसतो, खिशात असतो.

सगळा प्रवास पाटबंधारे खात्याच्या धर्तीवर चालतो. दर चार तासांनी नळी घालून लघवीची पिशवी रिकामी करायची. हे ‘आवर्तन’. गाव ते पुणे चार तास. म्हणून पहाटे साडेचारला आवर्तन सोडून आम्ही निघतो आणि साडेआठला पोचलोच पाहिजे. महामार्गावर खोदकाम निघालं तर मामा शांत असतात, मी कासावीस होतो. बसून बसून बुडाला जखम होऊ नये म्हणून दर वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलून धरायचं, हा दुसरा नियम. मोबाइलमध्ये कोंबडा आरवतो, मामा सीटवर पंजे रोवतात, वर होतात आणि जाहीर करतात, “पहिली उचल!” किणी टोलनाक्याच्या आधी पहिली, तासवड्यापर्यंत चौथी-पाचवी. “कारखाना देवो न देवो, बुडाला उचल येळेवर मिळाली पायजे.” मधे पेठनाका आला की हात जोडतात. देवळाला नव्हे, पेठच्या मुरलीकांत पेटकरांना. पासष्टच्या युद्धात गोळ्या लागलेला हा जवान १९७२ साली हायडेलबर्गला पोहण्यात सुवर्णपदक घेऊन आला, हे मला गेली नऊ वर्षं दरवर्षी त्याच वळणावर नव्यानं सांगितलं जातं.

एवढा खटाटोप कशाला, असं मीही एकदा म्हणालो होतो. त्या वर्षी आम्ही गेलोच नाही. लग्नसराई होती, आणि मामांना काही दुखत नव्हतं. दुखणार कुठून? मामीला बैठकीच्या हाडावर रुपयाएवढा लाल डाग दिसला तोवर आत खड्डा पडला होता. चार महिने मामा पालथे पडून होते. जेवण पालथं, पेपर पालथा, सोसायटीची निवडणूकसुद्धा पालथी लढवली आणि जिंकली. तेव्हापासून मी गाडी काढताना तोंड उघडत नाही. किडनीचंही तसंच. पिशवीत दाब वाढला की लघवी उलटी वर चढते, किडनी आतल्या आत सडते आणि हूं की चूं करत नाही. पूर्वी अशी माणसं मणक्यानं कमी, किडनीनं जास्त जायची. हे मामांना हाजी अलीच्या पुनर्वसन संस्थेत शिकवलं. १९५५ पासून चालू असलेल्या त्या जागेत ते तीन महिने राहिले, नळी घालायला शिकले, खुर्चीवरून पलंगावर सरकायला शिकले आणि समुद्राचा वारा उसाला चालणार नाही असं ठरवून परत आले.

पुण्यात पोचल्यावर मात्र तपासणी नेमकी कोणाची, हा प्रश्न पडतो. गाडीतून खुर्चीत सरकले की टेप बाहेर. एक फूट चढायला बारा फूट उतार लागतो. या रुग्णालयानं तो साडेपाच फुटांत उरकलाय. “ह्यो रॅम्प न्हवं, घसरगुंडी. खंबाटकीचा घाट परवडला.” वॉचमन दरवर्षी हसतो, मामा दरवर्षी वहीत लिहितात. अपंगांच्या स्वच्छतागृहाचं दार बावीस इंच, मामांची खुर्ची पंचवीस. आत बादल्या, झाडू आणि मागच्या गणपतीची कमान. या वेळी ती कमान तेवढी हलली होती. मामांनी नोंद केली : ‘प्रगती.’

सोनोग्राफीला नवीन मुलगी होती. “आजोबा, भरपूर पाणी प्या. प्रेशर आलं की सांगा.”

“बाई, ते आलं असतं तर मी हितं आलो असतो व्हय?”

ती गोंधळली. मामांनी घड्याळ बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं. “मघाशी साडेआठला रिकामी केली. वर लिटरभर पाणी. घ्या आता. चारशेच्या आसपास निघंल.”

तिनं जेल लावलं, यंत्र फिरवलं, पडद्यावर दोन फुल्या मारल्या आणि आकडा बघून मामांकडे बघितलं. चारशे दहा.

“धा मिली तुमच्या मशीनचा फरक,” मामा म्हणाले.

पुढच्या खोलीत सिस्टरनं मान वर न करता सांगितलं, “काट्यावर उभे राहा.”

“राह्यलो असतो, पण उद्या पेपरात येईल.”

मग तिनं वर बघितलं. खुर्चीसकट वजन घेणारा काटा तिथे नाही. “अंदाजे सांगा” म्हटल्यावर मामांनी पाकिटातून घडी घातलेली पावती काढली. आमच्या गावात गुळाच्या अडत्याकडे मोठा काटा आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी मामा खुर्चीसकट त्यावर चढतात. भरलं वजन ८६, वजा रिकामं वजन १८.५, निव्वळ ६७.५. सिस्टरनं आकडा उतरवून घेतला आणि पावती फायलीला टाचून टाकली.

दुपारी डॉक्टरांनी फाईल चाळली. किडन्या ठीक, पिशवी ठीक, कातडी ठीक. मग त्या पावतीपाशी थांबले.

“हे काय आहे? ‘माल : गूळ’?”

“त्येवढं सोडा. काटा सरकारी शिक्क्याचा हाय.”

डॉक्टर पोटभर हसले. मग म्हणाले, “दोन किलो कमी करा. सगळा भार खांद्यांवर येतो. खांदे गेले तर खुर्ची कोण ढकलणार?”

मामांनी वही उघडली. “कमी करतो की. खरं नक्की सांगा, भरलं वजन कमी करायचं का रिकामं? परदेशात बारा किलोची खुर्ची मिळती म्हणं.”

डॉक्टर उत्तर शोधत होते, तेवढ्यात खिशात कोंबडा आरवला. मामांनी त्यांच्याच टेबलाच्या कडेला पंजे टेकले आणि वर उचलले गेले.